विश्वास ठेवा, पण फिल्टरवर तारीख लिहा

आपण स्वतःला प्रश्न विचारणारी माणसं म्हणवतो. ग्रामसभेत खर्चाचा हिशोब मागतो. माहिती अधिकारात अर्ज टाकतो. वसतिगृहातल्या डाळीचं पाणी का झालं म्हणून गृहपालाला जाब विचारतो. मग गॅरेजात गाडी लावताना आपली वाचा का बसते? "ऑइल चेंज करून ठेवा, संध्याकाळी येतो," एवढं बोलून आपण किल्ली टाकतो आणि निघून जातो. संध्याकाळी पैसे देतो आणि गाडी घेऊन येतो. ऑइल खरंच बदललं का, फिल्टर बदलला का, काय बघितलं आपण? काहीच नाही.

मी सलग तीन वर्षं हेच केलं. त्याची किंमत 34 हजार रुपये आणि एक रात्र. पैशांचं दुःख कधीच विरलं. त्या रात्रीचं अजून गेलं नाही, म्हणून हा लेख.

2020 च्या सुरुवातीला मी एका निवृत्त मुख्याध्यापकांकडून सेकंडहँड वॅगनआर घेतली. आमच्या घरातली ही पहिली चारचाकी. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून हेल्पर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर ग्रीस आणि काळ्या ऑइलात हात घातलेला माणूस. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर बॉनेट उघडायला लावलं आणि ऑइलची पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसली. मला ते आवडलं नाही. गल्लीतली माणसं बघत होती. मी म्हणालो, "अण्णा, राहू द्या, आता हे गॅरेजवाले बघतात." ते काही बोलले नाहीत. पट्टी परत जागेवर ठेवली आणि हात धुवायला गेले.

आज विचार करतो तेव्हा कळतं, मला तेव्हा नेमकी कशाची लाज वाटली होती. गाडीचा मालक झालेल्या माणसाने गाडीखाली वाकायचं नसतं, हात काळे करणारा माणूस वेगळा असतो, असं कुठेतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. ज्या कष्टावर मी शिकलो त्याच कष्टाकडे मी पाठ फिरवत होतो. श्रमप्रतिष्ठेवर भाषणं देणारा मी! माझी फसवणूक तिथूनच सुरू झाली. गॅरेजवाल्याने नंतर तिचा फक्त फायदा घेतला.

घराजवळच्या एका गॅरेजात मी दरवर्षी गाडी टाकायचो. तीन ऑइल चेंज झाले. दर वेळी मी घासाघीस करायचो. "मजुरी कशाला तीनशे? दीडशे घ्या, आपलेच आहात." तो हसून हो म्हणायचा. पावती मी कधी मागितली नाही. उभा तर एकदाही राहिलो नाही.

26 नोव्हेंबर 2022, संविधान दिन. उदगीरजवळच्या एका गावातला कार्यक्रम आटोपून आम्ही पाच जण रात्री लातूरकडे निघालो होतो. मागच्या सीटवर दोन कॉलेजच्या मुली होत्या. त्यांनी गावात उद्देशिकेवर फार सुंदर मांडणी केली होती, त्याच नादात सगळे होते. अर्ध्या वाटेत डॅशबोर्डवर किटलीसारखं चिन्ह असलेला लाल दिवा लागला. मला वाटलं, ऑइल थोडं कमी असेल, सकाळी टाकू. चार-पाच किलोमीटर तसाच गेलो. मग इंजिनातून ठकठक आवाज यायला लागला आणि गाडी बंद पडली. आजूबाजूला शेतं, दिवा नाही, मोबाइलला रेंज येते-जाते. टेम्पोला बांधून गाडी ओढत आणेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. एका मुलीचे वडील चौकात दोन वाजेपर्यंत उभे होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, तुमच्या भरवशावर पाठवली होती."

हे वाक्य मला गाडीच्या बिलापेक्षा महाग पडलं. मी दुसऱ्यावर डोळे झाकून भरवसा ठेवला होता आणि माझ्या भरवशावर चार जण गाडीत बसले होते. पहिला भरवसा तपासला नाही की दुसरा मोडतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण मला ती माहीत नव्हती. तो लाल दिवा ऑइलच्या दाबाचा असतो. ऑइल थोडं कमी झालं म्हणून तो लागतोच असं नाही, आणि गाडी चालू असताना तो लागला तर इंजिनाच्या आत ऑइल पोहोचत नाहीये असं समजायचं. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. मी चार-पाच किलोमीटर चालवलं, तो गुन्हा माझाच. बेअरिंग त्यात गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या एका मिस्त्रीकडे नेली. लोक त्यांना उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी पट्टी काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, डांबरासारखं काळं. मग ते बॅटरी घेऊन गाडीखाली गेले आणि तिथूनच विचारलं, "साहेब, फिल्टर कधी बदलला?"

"दरवर्षी बदलतो."

"मग यावर 11/2019 कुणी लिहिलंय?"

मी खाली वाकून पाहिलं. चिखलाने माखलेल्या, गंजलेल्या फिल्टरवर पांढऱ्या पेंटने स्पष्ट लिहिलं होतं, 11/2019. ते अक्षर मुख्याध्यापकांचं होतं. माझ्याकडे यायच्या आधी त्यांनी शेवटचा ऑइल चेंज केला होता आणि फळ्यावर तारीख टाकावी तशी फिल्टरवर तारीख टाकली होती. त्यानंतर मी तीन फिल्टरचे पैसे मोजले. गाडीत मात्र तोच एक फिल्टर. चेंबर उघडलं तर तळाला काळा गाळ साचलेला आणि ऑइल वर ओढणारी जाळी जवळजवळ बुजलेली.

आता मुद्द्याचं आणि नेमकं बोलू. ऑइल तीनही वेळा बदललं नव्हतं, हे मी सिद्ध करू शकत नाही. कदाचित एकदा बदललं असेल, कदाचित फक्त वरून लिटरभर टाकलं असेल. फिल्टर बदलला नव्हता, हे मात्र सिद्ध आहे, कारण त्यावर तारीख होती. ज्याचा पुरावा आहे तेच छातीठोक बोलता येतं, बाकी नुसती चिडचिड. सव्वाशे रुपयांच्या वस्तूवर पेंटने लिहिलेले सहा आकडे, तेवढाच काय तो माझ्याजवळचा पुरावा, आणि तोही माझा नव्हता.

मी जुन्या गॅरेजात गेलो. मालक म्हणाला, "पोराने केलं असेल, मला काय माहीत." पोरगा तिथेच उभा होता, सतरा-अठरा वर्षांचा, मान खाली. फिल्टरचे पैसे मालकाच्या गल्ल्यात गेले, जबाबदारी मात्र घरंगळत सगळ्यात खालच्या पोराच्या अंगावर. ही रीत आपल्याला नवी नाही. मी त्या पोराला एक शब्द बोललो नाही. मालकाला एवढंच म्हणालो की पावती दे. तो म्हणाला, "पावती तुम्ही कधी मागितली होती?" आणि मी निरुत्तर झालो.

यावर अनेक मित्रांनी सल्ला दिला, की हे रस्त्यावरचे गॅरेजवाले असेच, सगळे चोर, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जायचं. मला हा सल्ला मान्य नाही. एकाने फसवलं म्हणून अख्ख्या जमातीवर शिक्का मारायचा, हा न्याय आपल्यावर किती वेळा झाला आहे ते आठवा आणि मग बोला. आणि काचेच्या दाराआड गेलेली गाडी तुम्हाला दिसते तरी का? तिथलं बिल छापील असतं, एवढाच फरक. डोळ्यांनी तपासायचं काम तिथेही तुमचंच राहतं.

शिवाय हे छोटे मेकॅनिक मागे का पडले तेही समजून घ्या. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय? अस्सल सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या स्वतंत्र मेकॅनिकला सहज मिळू दिली जात नव्हती. म्हणजे आधी ज्ञानाचं दार बंद करायचं आणि मग बाहेर राहिलेल्याला अडाणी म्हणायचं! 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यात मोटारगाड्याही आहेत. स्वतंत्र मेकॅनिक टिकला पाहिजे, तो टिकला तरच आपल्यासारख्यांना गाडी परवडते. तो टिकायचा तर त्याचं काम उजेडात व्हायला हवं.

हे उस्तादांनीच मला शिकवलं. इंजिनचं काम झाल्यावर पुढच्या ऑइल चेंजला मी त्यांना जरा चाचरत विचारलं, "इथे उभा राहिलो तर चालेल ना? राग मानू नका." ते म्हणाले, "राग कसला? तुम्ही उभे राहिलात तर माझंच बरं. उद्या काही झालं तर साक्षीदार तुम्हीच." प्रामाणिक माणसाला तपासणीचा त्रास होत नाही, उलट तपासणी त्याची ढाल असते. विचारण्याचा सूर मात्र नीट पाहिजे. पोलिसासारखं कमरेवर हात ठेवून उभं राहू नका. "दादा, मला शिकायचंय, दाखवता का?" म्हणा. बहुतेक मेकॅनिक कौतुकाने दाखवतात. जो दाखवायलाच तयार नसेल, त्याच्याकडून किल्ली परत घ्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. मी हेच करतो.

गॅरेजात जाण्याआधी गाडीची पुस्तिका उघडा. ऑइल कोणत्या ग्रेडचं, किती लिटर आणि किती किलोमीटरला, हे तिच्यात लिहिलेलं असतं. माझ्या गाडीला 5W-30 लागतं, फिल्टरसकट साधारण तीन लिटर, आणि 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, माझे वापरू नका. धुळीच्या रस्त्यावर किंवा रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल, तर त्याआधीच बदलावं लागतं. घरूनच पट्टी काढून जुन्या ऑइलची पातळी आणि रंग बघा, मोबाइलवर फोटो काढा. किलोमीटरच्या आकड्याचाही फोटो काढा.

ऑइल आणि फिल्टर शक्यतो स्वतः घ्या, ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट. डब्याचं सील नीट बघा. मेकॅनिककडचंच घ्यायचं असेल तर सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. ड्रममधलं सुटं ऑइल घेऊ नका. फिल्टर बसवण्याआधी त्यावर पर्मनंट मार्करने किंवा पेंटने तारीख आणि किलोमीटर लिहा. दहा सेकंदांचं काम आहे.

काम सुरू झालं की तीन क्षण चुकवू नका. पहिला, चेंबरचा बोल्ट उघडतो तो. इंजिन कोमट असलं की ऑइल नीट वाहतं आणि घाणही बरोबर घेऊन येतं. तेव्हा धार पडताना बघा, आणि धार संपून थेंब-थेंब होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबू द्या. घाई करू देऊ नका. काही ठिकाणी पट्टीच्या नळीतून मशीनने ऑइल ओढून घेतात, तिथे बोल्ट उघडत नाहीत. ती फसवणूकच असते असं नाही, पण किती लिटर निघालं ते बघा. दुसरा क्षण, जुना फिल्टर निघतो तो. तो हातात घ्या, त्याची जुनी रबर रिंग त्याच्याबरोबर निघाली का बघा. ती इंजिनलाच चिकटून राहिली आणि वर नवी बसली तर ऑइल गळतं. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने थोडं ऑइल लावून तो हाताने आवळतात, आणि बोल्टचा वॉशर नवा टाकतात. तिसरा क्षण, नवं ऑइल ओततात तो. किती ओतलं ते मोजा. उरलेलं ऑइल आणि डबा घरी आणा, रिकामा डबा असेल तर तो कापून टाका, म्हणजे त्यात कुणी भलतंच भरून विकणार नाही.

झाल्यावर इंजिन मिनिटभर चालू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, गाडी सपाट जागेवर हवी. पट्टी पुसून परत घाला आणि बघा, पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवी. वरच्या खुणेच्या पुढे गेली तर तेही वाईट, जास्त ऑइल फेसाळतं आणि इंजिनाला त्रास देतं. पेट्रोल गाडीत नवं ऑइल मधासारखं दिसतं आणि बरेच दिवस त्यातल्या त्यात स्वच्छ राहतं. डिझेल गाडीत मात्र ते लगेच काळं पडतं, त्यामुळे संघटनेची बोलेरो वगैरे असेल तर काळा रंग बघून मेकॅनिकवर आळ घेऊ नका. तिथे समोर उभं राहणं आणि फिल्टरवरची तारीख हेच खरं. दुसऱ्या दिवशी गाडी उभी असते तिथली फरशी बघा, थेंब पडले असतील तर लगेच परत जा.

पावती घ्या. छोट्या गॅरेजवाल्याला जीएसटी नोंदणी लागू नसेल, तरी साध्या कागदावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, लिटर, फिल्टर आणि मजुरी लिहून सही देता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिलेल्या सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. फसवणूक झालीच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण तक्रारीला कागद लागतो. माझ्याकडे कागद नव्हता, म्हणून माझी तक्रार उंबऱ्यावरच मेली.

आणि मजुरी पुरती द्या. माझ्या दीडशे रुपयांच्या घासाघिशीने मालकाची चोरी योग्य ठरत नाही. तरीपण तासभर गाडीखाली झोपून, गरम ऑइल हातावर घेऊन काम करणाऱ्या माणसाला दीडशे रुपये देणारा मी त्याला प्रामाणिकपणाचा धडा देऊ शकत होतो का? आता मी सांगितलेली मजुरी देतो आणि सांगितलेलं काम बघून घेतो. दोन्ही एकाच व्यवहाराचे भाग आहेत.

शेवटचं, त्या जळक्या ऑइलचं काय होतं तेही विचारा. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं. ते नालीत, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतायचं नसतं. डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवं. रोज उघड्या हातांनी ते हाताळणाऱ्या पोरांच्या कातडीला त्याचा अपाय होतो. मी उस्तादांकडे जाताना हातमोज्यांचं एक पाकीट नेतो. पहिल्यांदा ते हसले. आता त्यांचा पोरगा स्वतःहून मागून घेतो.

परवा ऑइल चेंजला वडिलांना बरोबर घेऊन गेलो. उस्ताद आणि ते असे गप्पा मारायला लागले की मला कुणी विचारेना. नवा फिल्टर बसवायच्या आधी मी मार्कर काढला, तर वडिलांनी हात पुढे केला. म्हणाले, "आण इकडे, मी लिहितो." त्यांनी तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले, मग बॉनेटशी येऊन पट्टी काढली आणि फडक्याने पुसली. या वेळी मी त्यांच्या शेजारी वाकून उभा होतो.